ही रेघ कुठून आली?

यंत्राच्या एखाद्या भागाचे चित्र काढणे वेगळे आणि त्याचे 'दृश्य' काढणे वेगळे, हे मराठीच्या प्राध्यापकांनी सांगू लागावे यात थोडा आगाऊपणा आहे, याची आम्हांला कल्पना आहे. तरीही गेले वर्षभर आम्ही दोघे ज्या कामात गुंतलो आहोत त्याचा सगळा भार या फरकावरच आहे, असे आता वाटू लागले आहे. २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीचे शिक्षण मराठीसह काही भारतीय भाषांतून देण्यास परवानगी दिली आणि पदविकेच्या वर्गांतही मराठी-इंग्रजी अशा दुभाषी अध्यापनाचा विषय निघाला. आमच्या महाविद्यालयाच्या मैदानापलीकडे त्याच संस्थेचे तंत्रनिकेतन आहे. तिथल्या यंत्र विभागाला संगणकीय आरेखनाची टिपणे मराठीत हवी होती. विषय त्यांचा आणि भाषा आमची, अशी वाटणी झाली. (आम्ही दोघे एकाच विभागात आणि एकाच घरात असल्यामुळे बैठकांचा खर्च वाचतो, हाही हिशेब कुणीतरी केला असावा.) विषय समजल्याखेरीज त्याची भाषा पाहता येत नाही, असे आमचे मत असल्याने एक संपूर्ण सत्र आम्ही त्यांच्या संगणक प्रयोगशाळेत शेवटच्या रांगेत बसून काढले.

तिथे जे चालते त्याचे वर्णन आधी केले पाहिजे. विद्यार्थी पडद्यावर एक घन वस्तू घडवतात. नेहमीचे उदाहरण बेअरिंगच्या ब्रॅकेटचे. खाली एक जाड पाटा, त्याला बोल्टसाठी दोन भोके. पाट्यावर एक उभी भिंत. भिंतीच्या माथ्यावर आडवी पोकळ नळी, तिच्यात बेअरिंग बसायचे. आणि भिंत कलू नये म्हणून तिच्या पाठीमागून पाट्यापर्यंत उतरणारी एक त्रिकोणी रिब. ही वस्तू पडद्यावर हवी तशी फिरवता येते, उलटी करून तिच्या पोटात डोकावता येते. मग 'ड्रॉईंग'चा कोरा कागद उघडायचा, वस्तूची एक बाजू 'समोरची' म्हणून ठरवायची आणि कागदावर सोडायची. माउस खाली नेला की वरून दिसणारे दृश्य खाली उमटते, उजवीकडे नेला की डावीकडून दिसणारे दृश्य उजवीकडे उमटते, आणि कोपऱ्याकडे तिरका नेला की वस्तू तीन बाजू दाखवत तिरकी उभी राहते. एखाद्या दृश्यावरून रेघ ओढली की वस्तू तिथे कापली जाऊन छेदाचे दृश्य येते, कापलेल्या जागी तिरप्या रेघांसह. जे काम करताना मागच्या पिढीच्या विद्यार्थ्याची मिनी ड्राफ्टर आणि टूएचची पेन्सिल घेऊन अख्खी दुपार जायची, ते मिनिटाभरात होते. वर्गातल्या मुलांना यात नवल वाटत नाही. आम्हांला वाटले, आणि अजून ते ओसरलेले नाही.

घन वस्तू कागदावर अशी उतरवण्याची रीत शास्त्र म्हणून बांधली ती फ्रान्सच्या गास्पार मोंज यांनी. १७६०च्या दशकात ते मेझिएरच्या लष्करी अभियांत्रिकी शाळेत साध्या पदावर होते. तटबंदीचा एक प्रश्न त्यांच्यापुढे आला: शत्रूच्या नजरेच्या आणि तोफेच्या टप्प्यात आतला भाग येऊ नये अशी भिंतींची उंची ठरवायची. हे काम तेव्हा लांबलचक आकडेमोडीने करीत. मोंज यांनी ते रेघांनी केले, आणि इतक्या लवकर केले की अधिकारी उत्तर तपासायलाच तयार होईना. एवढ्या वेळात हे होणेच शक्य नाही, असे त्याचे म्हणणे. उत्तर बरोबर निघाल्यावर ती रीत लष्करी गुपित ठरली. मोंज यांना ती उघडपणे शिकवता आली ती १७९५ मध्ये पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये, आणि व्याख्यानांचे पुस्तक निघाले १७९९ मध्ये. दोन परस्परलंब पृष्ठे घ्या, वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून दोन्हींवर लंब टाका, मग एक पृष्ठ दुसऱ्याच्या पातळीत उलगडा. एवढीच ती कल्पना. आज मुले माउस खाली नेतात तेव्हा हेच पृष्ठ उलगडत असते.

ही कल्पना यंत्राला शिकवणे मात्र सोपे नव्हते. बिंदू प्रक्षेपित करणे हे गणित झाले. पण कोणती रेघ डोळ्याला दिसते आणि कोणती वस्तूच्या आड जाते, हे ठरवायचे कसे? १९६३ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' या नावाने पडद्यावर रेखाटन करणारी प्रणाली प्रबंधरूपाने मांडली. त्याच वर्षीच्या लॉरेन्स रॉबर्ट्स यांच्या प्रबंधात आड गेलेल्या रेघा गाळण्याची पहिली रीत आहे. गंमत अशी की रॉबर्ट्स यांचा मूळ प्रश्न उलटा होता. त्यांना छायाचित्रातल्या सपाट रेघांवरून घन वस्तू ओळखणारे यंत्र हवे होते. सपाट वाचून घन मनात उभे करणे, आणि घन पाहून सपाट लिहिणे, ही दोन कामे तेव्हा एकाच प्रबंधात शेजारी होती. आज त्यांतले दुसरे यंत्राने पुरते उचलले आहे. कारखान्यात पहिले मात्र बहुतेक ठिकाणी अजून माणसाकडेच आहे, आणि आमच्या लेखाचा विषय तोच.

दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी प्रशिक्षणासाठी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका लहानशा पॅटर्नच्या कारखान्यात जात होती. ओतकामाच्या धंद्यात वाळूत साचा उठवण्यासाठी आधी वस्तूचा लाकडी पॅटर्न करावा लागतो. तो करणारे मिस्त्री हे आमच्या मते ड्रॉईंगचे सर्वांत कसलेले वाचक. त्यांना कागदावरून नुसती वस्तू उभी करून भागत नाही. ओतीव लोखंड थंड होताना साधारण शंभरात एक भाग आखडते, म्हणून ते सारे मोठे करतात. पॅटर्न वाळूतून निघावा म्हणून उभ्या भिंतींना किंचित उतार देतात. जिथे पुढे यंत्रकाम व्हायचे तिथे जादा जाडी ठेवतात. पोकळीसाठी वेगळी कोअर पेटी करतात. कागदावर यांतले सगळे नसते. ते वाचणाऱ्याने ओळखायचे.

तर या मुलीने ब्रॅकेटची दृश्ये काढून नेली. मिस्त्रींनी चष्मा वर सारून कागद पाहिला आणि भिंत व रिब जिथे मिळतात तिथल्या एका रेघेवर बोट ठेवून विचारले, "ही रेघ कुठनं आली गं?" मुलगी म्हणाली, "मामा, ती सॉफ्टवेअरनंच काढलीया." त्यावर ते म्हणाले, "त्याला इचारायला मी कुठं जाऊ?"

हा संवाद तिने वर्गात हसत सांगितला आणि वर्गही हसला. आमच्या मनातून तो गेला नाही, कारण मिस्त्रींचा प्रश्न अगदी शास्त्रीय होता. भिंत आणि रिब यांच्या सांध्यात कोपरा नव्हता, गोलाई होती. ओतकामात धारदार कोपरा ठेवीत नाहीत, तिथे रेडियस देतात. हात फिरवला तर भिंतीवरून रिबवर बोट कुठेही न अडता उतरेल. मग तिथे रेघ कशाची? संगणकाच्या स्मृतीत घन वस्तू म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या पृष्ठांची जंत्री असते. सपाट भिंत हे एक पृष्ठ, गोलाई हे दुसरे, रिब हे तिसरे. दोन पृष्ठे जिथे भेटतात तिथे त्याच्या दृष्टीने कड असते, मग ती बोटाला लागो वा न लागो. ती कड त्याने इमानाने रेखाटली. मिस्त्रींना मात्र ठळक रेघ म्हणजे कोपरा, असेच वाचायची सवय. अशा रेघा दाखवायच्या, बारीक दाखवायच्या की गाळायच्या, याची निवड या प्रणाली देतात. साऱ्या गाळल्या तर गोलाईने भरलेली ओतीव वस्तू कागदावर जवळजवळ कोरी दिसते, आणि साऱ्या ठळक ठेवल्या तर नसलेले कोपरे दिसतात. जुन्या आरेखकांची रीत सुंदर आहे. गोलाई नसती तर कोपरा जिथे आला असता तिथे ते एक बारीक रेघ ओढतात आणि ती बाह्यरेषेला टेकू देत नाहीत, अलीकडेच सोडून देतात. न टेकलेली रेघ म्हणजे इथे वळण आहे, धार नाही.

याहून मूलभूत गोष्ट नळीची. गोल नळी बाजूने पाहिली की कागदावर दोन समांतर रेघा येतात. त्या रेघा नळीवर कुठेच नाहीत. नळी आपल्या अक्षाभोवती कितीही फिरवा, रेघा जागच्या हलत नाहीत. आपण जागा बदलली की त्याही नळीवरून सरकतात. त्या पाहणाऱ्याच्या आहेत. कागदावरच्या काही रेघा वस्तूच्या, काही नजरेच्या आणि काही, वरच्या सांध्यातल्यासारख्या, यंत्राच्या स्मृतीच्या. तिन्ही एकाच शाईत. कोणती कुणाची हे सांगणारा माणूस कागदामागे हवा, एवढेच मिस्त्रींचे म्हणणे होते.

आता छेदाकडे येऊ. एरवी कोरड्या वाटणाऱ्या या प्रकरणात आम्हांला आमचेच साहित्यशास्त्र भेटले. ब्रॅकेट बरोबर मधून, म्हणजे रिबच्या लांबीतून कापला, तर कापलेल्या प्रत्येक जागी तिरप्या रेघा हव्यात, असा नियम सांगतो. पण रिबच्या बाबतीत तो पाळत नाहीत. पाटा, भिंत, नळीची जाडी यांवर रेघा येतात. रिब मात्र, प्रत्यक्ष कापली गेली असूनही, कोरी ठेवतात. कारण उघड आहे. ती रेघांनी भरली तर वाचणाऱ्याला वाटेल की भिंतीमागे पाट्याच्या पूर्ण रुंदीचा भरीव उतार आहे. रिब तर केवळ दहाबारा मिलिमीटर जाड असते. काटेकोर खरे काढले तर खोटे वाचले जाते. आम्ही वर्षानुवर्षे लक्षणेच्या तीन अटी शिकवत आलो: मुख्यार्थाचा बाध, त्याच्याशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. गंगेवरच्या गवळीवाड्याचे उदाहरण तर आमच्या विद्यार्थ्यांना झोपेतही येते. कोरी रिब या तिन्ही अटी पुऱ्या करते. 'कापले तिथे रेघा' हा मुख्यार्थ इथे बाधित होतो. कोरी जागा तरी छेदाच्या आतच असल्याने संबंध सुटत नाही. आणि रूढीबरोबर प्रयोजनही आहे, पातळपणा सांगण्याचे. दंडगोल शाफ्ट, बोल्ट, नट, चावी यांनाही लांबीतून कापल्यावर रेघा देत नाहीत. गोल फ्लँजला तीन किंवा पाच भोके असतील तर छेदाच्या पातळीत न येणारे भोक मनाने फिरवून त्या पातळीत आणून दाखवतात. जसे दिसते तसे काढले तर ते केंद्राच्या जास्त जवळ आहे असा भास होतो.

आमच्या कुतूहलाचा प्रश्न असा की यंत्राला हे कसे कळते? काही प्रणालींत छेद घेताना 'रिब वगळायची का?' असे विचारले जाते. पण हा प्रश्न केव्हा येतो? वस्तू घडवताना तो भाग 'रिब' या आज्ञेने घडवला असेल तरच. तोच त्रिकोण कुणी साध्या आज्ञेने उभा केला असेल तर आकारात तसूभर फरक नसूनही यंत्राच्या लेखी ती रिब नव्हे, नुसता माल आहे, आणि मालाला रेघा मिळतात. नाव घेऊन घडवले तर अर्थ टिकतो. भाषेच्या प्राध्यापकांना याहून मोठी मेजवानी कोणती? वर्गात हे शिकवताना मात्र बहुधा 'ही पद्धत आहे, पाठ करा' एवढेच सांगितले जाते. वेळ कमी आणि परीक्षा जवळ असते, त्यात शिक्षकांना बोल लावण्यात अर्थ नाही. तरी हीच जागा अशी आहे की जिथे मुलाला स्वतःच्या भाषेत 'का' विचारता आले पाहिजे आणि उत्तर त्याच भाषेत मिळाले पाहिजे. मराठी टिपणांचा खटाटोप करायचा तो अशा जागांसाठी. 'क्लिक'ला 'टिचकी' म्हटल्याने कुणाचे काही अडलेले सुटत नाही.

दृश्ये कागदावर कुठे मांडायची हाही प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोच्या आरेखनविषयक पुस्तिकेनुसार प्रथम कोन पद्धत शिकवतात: वरून पाहिलेले दृश्य खाली, डावीकडून पाहिलेले उजवीकडे. अमेरिकेत तृतीय कोन: वरचे वर, डावीकडचे डावीकडे. पहिली पद्धत समजावताना आम्ही दिवा आणि भिंत घेतली. वस्तूवर डावीकडून दिवा धरला तर छाया उजव्या भिंतीवर पडणार. दुसरीसाठी काचेची पेटी: वस्तू पेटीत आहे, आपण बाहेरून पाहतो आणि दिसते ते समोरच्या काचेवर गिरवतो. दोन्ही पद्धती सारख्याच तर्कशुद्ध आहेत. मात्र कोणती वापरली हे कागदावर न सांगता मधेच बदलले तर डाव्या बाजूचा भाग उजव्या बाजूचा होऊन बसतो, आणि ओतून झालेल्या लोखंडाला आरशातून बाहेर काढता येत नाही. म्हणून कोपऱ्यात निमुळत्या शंकूचे ते चिमुकले चिन्ह असते. परदेशात घडलेल्या प्रणालीत तृतीय कोन आधीच ठरवून ठेवलेला असू शकतो आणि मुलाला पद्धत बदलल्याचे कळतही नाही. एका कारखानदारांनी आम्हांला सांगितले की परदेशी गिऱ्हाइकाचा कागद हाती आला की ते पहिल्यांदा तो शंकू शोधतात, वस्तू नंतर. मजकुराआधी लिपी पाहावी तसे.

पण आमची समजूत खरी पालटली ती मापांच्या तासाला. तोवर आम्ही असे धरून चाललो होतो की घन वस्तू म्हणजे मूळ, आणि सपाट दृश्य म्हणजे तिचा कमी झालेला, एक मिती गमावलेला अवतार. सामान्य समजही असाच आहे, आणि 'सपाट' हा शब्द आपण समीक्षेत वापरतो तोही काही गौरवाने नव्हे. ब्रॅकेटच्या नळीचे भोक पडद्यावरच्या घनात ४० मिलिमीटर आहे. म्हणजे किती? बरोबर ४०; दशांश चिन्हानंतर हवी तितकी शून्ये. असे भोक या पृथ्वीवर कुणी पाडलेले नाही. लेथवरच्या माणसाला विचारायचे असते ते निराळे: किती चुकले तर चालेल? याचे उत्तर कागदावर असते, ४० एच७ असे. अर्थ असा की भोक ४०.००० पेक्षा लहान नको आणि ४०.०२५ पेक्षा मोठे नको. एका मिलिमीटरचा चाळिसावा भाग एवढी चुकण्याची परवानगी. पाट्याच्या बाहेरच्या कडेला, जिथे काहीच बसायचे नाही, तिथे ती कितीतरी सैल असते. कुठे जपायचे आणि कुठे सोडून द्यायचे, हे घनाला ठाऊक नाही. त्याला सारे सारखेच नेमके. सपाट कागदाला ते ठाऊक आहे, कारण कुणीतरी ते ठरवून तिथे लिहिले. खोली गेली खरी, पण तिच्या जागी हेतू आला.

मापांचे आणखी एक. वस्तू घडवताना वापरलेली सारी मापे एका आज्ञेसरशी दृश्यांवर ओतता येतात. मुले ती आनंदाने ओततात आणि कागद काट्यांनी भरलेल्या बाभळीसारखा दिसू लागतो. पण दिसण्याचा प्रश्न दुय्यम आहे. घडवणाऱ्याने भिंत आधी काढली असेल, मग मध्यापासून दोन्ही बाजूंना भोके मांडली असतील. ती मापे त्याच्या घडवण्याचा इतिहास सांगतात. यंत्रावरचा माणूस वस्तू कशावर टेकवणार, व्हर्निअर कुठून लावणार, याचा त्यांत विचार नसतो. त्याला यंत्रकाम झालेल्या तळापासून नळीच्या केंद्राची उंची हवी असते. लेखकाची दैनंदिनी आणि वाचकाच्या हाती द्यायचा ग्रंथ यांत जे अंतर, तेच इथे. अर्थात काही मापे दोघांच्याही कामाची निघतात. तेवढी ठेवून बाकीची पुसायची हे कष्टाचे काम आहे, आणि ते मिनिटात होत नाही.

ऑटोकॅडच्या २००७च्या आवृत्तीत 'फ्लॅटशॉट' नावाची एक आज्ञा आली. समोर दिसणाऱ्या घन वस्तूच्या सगळ्या रेघा ती एका सपाट पातळीवर दाबून बसवते, दिसणाऱ्या एका प्रकारे आणि आड गेलेल्या दुसऱ्या प्रकारे, आणि मग त्या रेघांचा मूळ वस्तूशी संबंध संपतो. वस्तू बदलली तरी रेघा बदलत नाहीत. पुन्हा नवा 'शॉट' घ्यावा लागतो. वस्तूशी बांधलेली, तिच्याबरोबर बदलणारी दृश्ये त्या प्रणालीत २०१२च्या आवृत्तीपासून मिळू लागली. प्रो/इंजिनिअर किंवा १९९५ मध्ये आलेली सॉलिडवर्क्स यांसारख्या प्रणालींचे तर तेच मुख्य आकर्षण होते. वर्गात अर्थातच बांधलेल्या दृश्यांचे कौतुक होते. भिंत ५ मिलिमीटरने जाड केली की कागदावरची भिंत आपोआप जाड होते. पण ज्या कडेवर माप लावले होते ती कडच नाहीशी झाली तर माप अधांतरी लोंबकळत राहते. हाताने लिहिलेली सूचना जुनीच राहते. आणि मिस्त्रींच्या भिंतीला टाचलेला छापील कागद तर बदलत नाहीच. म्हणून कागदाच्या कोपऱ्यात फेरबदलांचा तक्ता असतो: अ, ब, क, काय बदलले, केव्हा, कुणी. पाठचिकित्सा शिकलेल्या माणसाला हा तक्ता पाहून आपल्या घरी आल्यासारखे वाटते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला हे आपल्याला कळते, कारण तशी नोंद राहिली. नोंद न करता बदलणारा पाठ, मग तो बरोबर का असेना, दोन प्रतींच्या वाचकांमध्ये भांडण लावून देतो. आपोआप बदलण्याच्या सोयीने हा तक्ता भरायची सवय मात्र मोडते आहे, असे आमचे सत्रभरातले निरीक्षण आहे.

कुणी म्हणेल, आता हे कशाला? मापे आणि सवलती थेट घन वस्तूवरच चिकटवण्याची रीत आलेली आहे. अमेरिकेत तिचे मानक २००३ मध्येच निघाले. मोठ्या विमान कारखान्यांत कागदाविना काम चालते. उद्या उद्यमनगरातही चालेल. चालो. तेव्हाही कोणते माप जपायचे आणि कोणते सोडायचे हे कुणीतरी ठरवेलच. ती जबाबदारी कागदाबरोबर जात नाही. आजचा प्रश्न मात्र आजच्या मुलांचा आहे. दृश्य काढणे इतके सोपे झाले की ते वाचण्याचा सराव अभ्यासातून निसटत चालला आहे. तीन दृश्ये देऊन 'ही वस्तू मातीत करून दाखव' असे आम्ही, सरांच्या परवानगीने, एका तासाला सांगितले. पडद्यावर सफाईने काम करणारी कित्येक मुले माती हातात घेऊन बसून राहिली. उलट एक मुलगा, ज्याचा संगणकावरचा वेग वर्गात सर्वांत कमी, त्याने पाच मिनिटांत ब्रॅकेट उभा केला, रिबसकट. त्याचे वडील मोल्डर आहेत, हे नंतर कळले. घरी ड्रॉईंगवरून बोलणे होत असणार, आणि ते मराठीतच.

प्रत्येक कागदाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तीन रकाने असतात: काढले, तपासले, मंजूर केले. नव्या प्रणालीत पहिला रकाना यंत्र स्वतःच भरते, फाइल कुणाच्या नावाने उघडली होती ते पाहून. आमच्या टिपणांत आम्ही अशी सूचना घातली आहे की विद्यार्थ्याने हे नाव हाताने लिहावे, आणि लिहिण्यापूर्वी कागदावरच्या कोणत्याही पाच रेघांवर बोट ठेवून ती कुणाची हे शेजाऱ्याला तोंडी सांगावे. विभागाने सूचना ठेवली आहे. गुण मात्र देता येणार नाहीत म्हणाले.

शब्दांचे काम अजून सुरू आहे. 'छेद' आणि 'दृश्य' या शब्दांवर वाद झाला नाही. 'इलेव्हेशन', 'प्लॅन' आणि 'रिब' कारखान्यात रुळलेले आहेत, ते तसेच ठेवले. रिबला 'बरगडी' म्हणावे अशी आमच्यातल्या एकाची इच्छा होती. दुसऱ्याने मिस्त्रींना विचारून यावे असे सुचवले आणि तो विषय तिथे संपला. अडले आहे ते त्या गोलाईतल्या रेघेवर, जी यंत्राला दिसते आणि बोटाला लागत नाही. इंग्रजीत तिला 'टँजंट एज' म्हणतात, म्हणजे स्पर्शिकेची कड. पण कड म्हटले की ती बोटाला लागली पाहिजे, असे मराठी कानाला वाटते. सध्याच्या मसुद्यात 'विरती रेघ' असे लिहिले आहे. सरांच्या मते ते फार कवितेसारखे झाले. त्या विद्यार्थिनीने कारखान्यात विचारून पाहिले, तेव्हा मिस्त्री म्हणाले, नाव काहीही द्या, पण ती काढताना बारीक काढा.